आधी गळती कुठे आहे ते बघा

"बदलून टाका" हे निदान नाही. ट्रॅक्टरचा रेडिएटर गळतोय असं तुम्ही कोणालाही सांगून बघा. एजन्सीतल्या माणसाला सांगा, नात्यातल्या हुशार माणसाला सांगा, नाहीतर पारावर बसलेल्या कोणाला तरी सांगा. तीन सेकंदांत उत्तर येतं : "जुनाट झालाय, बदलून टाका." कुठून गळतोय, किती गळतोय, इंजिन चालू असताना गळतोय की उभं असताना, यातला एकही प्रश्न कोणी विचारत नाही. डॉक्टरने पोटाला हातही न लावता ऑपरेशनची तारीख दिली, तर आपण त्याला बाहेर येऊन शिव्या घालू. इथे मात्र आपण मुकाट्याने पाकीट काढतो.

हे मी दुसऱ्यांना नावं ठेवायला लिहीत नाही. "बदलून टाका" म्हणणाऱ्यांत मी स्वतः होतो. पुण्यात एका कारखान्याच्या खरेदी विभागात मी नोकरी करतो. गेली अनेक वर्षं माझ्या टेबलावरून 'दुरुस्ती परवडणार नाही, नवीन मागवावे' असे शेरे गेलेले आहेत. त्यातले किती शेरे वस्तू उघडून बघून मारले होते, असं कोणी विचारलं तर मला उत्तर देता येणार नाही.

गोष्ट २०२४ च्या ऑक्टोबरमधली आहे. आमची शेती औसा तालुक्यात. सोयाबीन कापून बनीम लावलेली होती, वर ताडपत्री टाकलेली. परतीच्या पावसाचा अंदाज रोज मोबाइलवर येत होता. बनीम भिजली की काय होतं ते आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे : शेंगेत कोंब येतो, दाणा काळा पडतो आणि आडतीवर कोणी त्याला हात लावत नाही. त्या हंगामाचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात चांगल्या मालालाही तेवढे मिळत नव्हते. भिजलेल्या मालाचं तर बोलायलाच नको. शुक्रवारी दुपारी मळणीयंत्र जोडलं, तासाभरात काटा लाल पट्ट्यात गेला आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या अंगाला पाण्याची धार लागली.

आमचा ट्रॅक्टर एचएमटी ३५२२. अण्णांनी १९९४ साली घेतलेला. ज्यांनी एचएमटी म्हणजे फक्त घड्याळ पाहिलंय त्यांच्यासाठी सांगतो. या सरकारी कंपनीने १९७१ मध्ये हरियाणातल्या पिंजोरला ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली, चेकोस्लोव्हाकियाच्या झेटर कंपनीच्या तंत्रज्ञानावर. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने हा ट्रॅक्टर विभाग बंद करायला मंजुरी दिली. म्हणजे आमच्या दारातल्या यंत्राला आता आईबाप नाहीत. तरी ते चालतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवड करत करत जो तांदूळ तयार केला, त्याला याच कंपनीच्या घड्याळावरून एचएमटी हे नाव पडलं. घड्याळांची कंपनी बंद झाली, ट्रॅक्टर बंद झाले, खुद्द दादाजी २०१८ मध्ये गेले. तांदूळ अजून बाजारात आहे, कारण शेतकऱ्याला तो पुन्हा पेरता येतो. परत उभं करता येणारी वस्तू कंपनीच्या मागे जगते, एवढाच माझा मुद्दा आहे.

असो. मी एजन्सीला फोन लावला. तिकडून आलेलं उत्तर वर सांगितलंच आहे. "या मॉडेलचा ओरिजनल येत नाही, दुसऱ्याचा ॲल्युमिनियमचा बसवून देतो, साडेअकरा हजार. पुण्याहून यायला तीन-चार दिवस. जुना जमा करावा लागेल." मी हो म्हणणार होतो. अण्णा म्हणाले, "तू पुण्यात बदलत जा. इथं आधी उघड, बघ."

रेडिएटर गळतो म्हणजे काय होतं?

रेडिएटरची रचना अगदी साधी आहे. वर एक टाकी, खाली एक टाकी, मध्ये चपट्या उभ्या नळ्यांची जाळी. नळ्यांना बारीक पत्र्याचे पंख जोडलेले असतात. इंजिनमधून तापलेलं पाणी वरच्या टाकीत येतं, नळ्यांमधून उतरताना पंखांना उष्णता देतं, मागचा फॅन त्या पंखांमधून हवा ओढतो आणि निवलेलं पाणी खालच्या टाकीतून पुन्हा इंजिनात जातं. झाकणावर स्प्रिंग असते, ती दाब धरून ठेवते. सात पौंडाचं झाकण असेल तर आमच्या लातूरच्या उंचीवर पाणी साधारण ११० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर गेलं की तेच पाणी शंभराच्या आतच उकळून बाहेर फेकलं जातं. मग आपण म्हणतो, रेडिएटर गळतोय. एका साध्या झाकणासाठी अख्खे रेडिएटर बदलले गेलेले मला माहीत आहेत.

आता 'गळती'ची ठिकाणं मोजा. वरचा होजपाइप, खालचा होजपाइप, त्यांच्या क्लिपा, पाणी सोडायचा कॉक, वॉटर पंपाचं सील, झाकण. ही सहा ठिकाणं रेडिएटरच्या बाहेरची किंवा जाळीशी संबंध नसलेली आहेत. पाणी वाऱ्याने उडतं, फॅनने फेकलं जातं आणि सगळं रेडिएटरवरूनच ओघळताना दिसतं. सातवं ठिकाण टाकी आणि जाळीचा जोड. आठवं म्हणजे प्रत्यक्ष नळी. आणि नववी शक्यता सगळ्यांत वाईट : हेड गॅस्केट गेलेलं असतं, सिलेंडरमधली हवा पाण्यात घुसते आणि पाणी बाहेर ढकलते. थंड इंजिनचं झाकण काढून ते चालू केलं आणि पाण्यात सतत बुडबुडे आले, किंवा ऑइल दुधाळ दिसलं, तर रेडिएटर सोन्याचा बसवलात तरी उपयोग नाही.

या नऊपैकी कोणती गळती आहे हे फोनवर कळत नाही. तरीही उत्तर फोनवरच मिळतं. ज्याच्याकडे फक्त नवीन माल विकायला आहे, त्याला प्रत्येक गळतीत नवीन माल दिसतो. एजन्सीवाल्याचा मला राग नाही, तो त्याचा धंदा करतो. राग आपला येतो. आपण शिकलेली माणसं त्या धंद्याला शहाणपण समजतो आणि घरातल्या म्हाताऱ्याला "तुम्हाला कळत नाही" म्हणतो.

हौदातले बुडबुडे

शनिवारी पहाटे आम्ही पुढची जाळी काढली, होज काढले, बुडाचे बोल्ट काढायला गेलो तर दोनातला एक नव्हताच. कधी पडला कोण जाणे. दुसऱ्या बाजूचं रबर दगडासारखं कडक. म्हणजे कित्येक महिने रेडिएटर एका पायावर उभा राहून हादरत होता. यात ना कंपनीचा दोष, ना काळाचा. दोष आमचा होता. बोल्टच्या जागी बोल्ट नाही हे आमच्यातल्या कोणीही वाकून पाहिलं नव्हतं.

लातुरात एका रस्त्याच्या कडेला पत्र्याचं दुकान आहे. तिथले चाचा पंचेचाळीस वर्षं रेडिएटरचंच काम करतात. त्यांचे वडील गावोगाव फिरून भांड्यांना कल्हई करायचे. स्टीलची भांडी आली तसं ते काम गेलं आणि त्याच हातांनी रेडिएटर धरले. तेच कथील, तोच नवसागर, तोच अंगार.

चाचांनी मला काही विचारण्याआधी रेडिएटर उलटा-पालटा करून पाहिला. मग तोंडं रबरी बुचांनी बंद केली, एका बुचातून हवेची नळी घातली आणि सगळं धूड पाण्याच्या हौदात बुडवलं. सायकलची ट्यूब पंक्चरसाठी बुडवतात तसं. वरच्या टाकीच्या जोडातून बुडबुड्यांची एक लांब रांग आली. जाळीत आणखी दोन ठिकाणी बारीक बारीक. "तीन जागा," चाचा म्हणाले. "आणि आत चुना भरलाय. बोअरचं पाणी घालता ना?"

आम्ही बोअरचंच पाणी घालत होतो. आमच्याकडच्या बोअरचं पाणी इतकं जड की मातीच्या माठावर पांढरे ओघळ येतात. घरात प्यायला आम्ही आरओचा जार आणतो. ट्रॅक्टरला मात्र तेच जड पाणी, तीस वर्षं. रेडिएटरला लागणारं पाणी अर्ध्या जाराएवढं. पण आम्हाला कधी सुचलं नाही, कारण ट्रॅक्टरला चव कळत नाही.

चाचांनी वरची टाकी डाग वितळवून उघडली. पितळी टाकीचा हाच गुण : जिथे जोडली तिथेच उघडते. कथील आणि शिशाचा डाग दोनशे अंशांच्या आतच वितळू लागतो, पितळेला आणि तांब्याला त्याने काही होत नाही. उघडल्यावर चपटी सळई एकेका नळीतून वरून खाली घातली. पांढरा चुरा पडत होता. आणि त्यात पिवळा चिखल.

"हळद कुणी घातली?" चाचांनी विचारलं.

अण्णा दुसरीकडे बघायला लागले.

जुगाडाची आरती पुरे

इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडायचं आहे. दुरुस्तीची बाजू घेणारे पुष्कळदा जुगाडाची आरती ओवाळतात. रेडिएटर गळतोय? टाक मूठभर हळद. साबण लाव. एम-सील थाप. थर्मोस्टॅट काढून फेक, पाणी मोकळं फिरू दे. आणि मग यावर लेख येतात, व्याख्यानं होतात, 'भारतीय कल्पकता' वगैरे.

हळदीने गळती थांबते, हे खोटं नाही. पूड पाण्याबरोबर फिरते, फुगते, भोकाशी जाऊन अडकते. रस्त्यात रात्री अडकलात, गाव दहा किलोमीटरवर आहे, तर जरूर घाला. पण हळदीला भोक आणि नळी यांतला फरक कळत नाही. जी पूड गळती बुजवते तीच चुन्याने अरुंद झालेल्या चांगल्या नळ्याही बुजवते. दोन हंगामांनी रेडिएटर गळत नाही, पण इंजिन तापतं. मग माणूस थर्मोस्टॅट काढतो. थर्मोस्टॅट काढलं की इंजिनला लवकर गरम व्हायला मिळत नाही, हलक्या कामात ते थंडच राहतं, डिझेल नीट जळत नाही, ऑइल खराब होतं. एक जुगाड झाकायला दुसरा जुगाड. शेवटी इंजिन खोललं जातं आणि सगळे म्हणतात, जुनं यंत्र, व्हायचंच.

दुरुस्ती आणि जुगाड हे सख्खे भाऊ नाहीत. जुगाड गळती लपवतो. दुरुस्ती आधी गळती शोधते आणि मग ती का झाली ते विचारते. चाचांनी डाग मारायच्या आधी दोन प्रश्न विचारले होते : पाणी कसलं आणि बुडाचा बोल्ट कुठे. हे दोन प्रश्न न विचारता नवीन रेडिएटर बसवला असता, तर तोही एका पायावर हादरला असता आणि त्यातही चुना भरला असता. मग नवीन बसवणं हाही एक जुगाडच झाला, साडेअकरा हजारांचा.

हिशेब

"भावना ठीक आहेत, पण वेळेची किंमत धरा" असं म्हणणारे आता घड्याळाकडे बघत असतील. चला, हिशेबच करू. माझा पोटापाण्याचा धंदाच तो आहे.

नवीन ॲल्युमिनियमचा रेडिएटर ११,५०० रुपये, आणि जुना जमा. 'जमा' या शब्दावर जरा थांबा. आमचा जुना रेडिएटर तांब्या-पितळेचा. चाचांच्या काट्यावर तो अकरा किलो भरला. मी भंगारवाल्याला फोन केला, त्याने किलोला साडेचारशे सांगितले. म्हणजे ४,९५० रुपयांचा माल मी 'जुनाट' म्हणून फुकट देऊन येणार होतो. बदलण्याचा खरा खर्च १६,४५० रुपये. त्या वेळी आमच्याकडे सोयाबीन साधारण ४,२०० ने जात होतं. म्हणजे चार क्विंटलला थोडं कमी.

चाचांनी १,८०० सांगितले. टाकी उघडणं, नळ्या साफ करणं, गळणाऱ्या दोन नळ्या दोन्ही टोकांना बंद करणं, जोडाला नवीन डाग, पुन्हा हौदात तपासणी. मी घासाघीस करून १,५०० वर आणले. याबद्दल पुढे बोलतो.

समजा नवीन रेडिएटर आठ वर्षं टिकला. वर्षाला दोन हजारांहून थोडे जास्त पडले. दुरुस्ती एकच वर्ष टिकली तरी दीड हजार. तीन वर्षं टिकली तर वर्षाला पाचशे. आणि वेळ? एजन्सीचा माल यायला तीन-चार दिवस होते. चाचांकडून आम्ही शनिवारी संध्याकाळी परत निघालो. रविवारी सकाळी मळणी सुरू. घाईच्या वेळी दुरुस्ती परवडत नाही हे वाक्य शहरातून फिरत फिरत गावात आलंय. गावातल्या घाईला जवळचा कारागीर लागतो, लांबचं गोडाऊन नाही.

पण हिशेब एका बाजूने करायचा नसतो. कधी बदलायचं हेही चाचांनीच सांगितलं, न विचारता. पंख बोटाने दाबल्यावर भुगा होत असतील, तर डागाचे पैसे पाण्यात. दहातल्या एकीपेक्षा जास्त नळ्या बंद कराव्या लागत असतील, तर उन्हाळ्यात नांगराला ट्रॅक्टर तापणारच. अशा वेळी जाळी बदलायची. टाक्या जुन्याच ठेवायच्या आणि मधली जाळी नवीन. हा तिसरा रस्ता आहे, तो एजन्सीत कोणी बोलत नाही. आणि टाकीच फुटली, नळ्याही गेल्या, तर बिनधास्त नवीन घ्या. यंत्राशी लग्न लावलेलं नाही. 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्यांनी आधी वजन करावं, मग म्हणावं.

न उघडणारी वस्तू

ॲल्युमिनियमलाही मी उगाच शिव्या देणार नाही. तांबं उष्णता जास्त चांगली वाहून नेतं हे खरं, पण ॲल्युमिनियमच्या नळ्या रुंद करता येतात, वजन कमी होतं, किंमत कमी होते. थंड करण्याचं काम तो व्यवस्थित करतो. अडचण वेगळीच आहे. ॲल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर बसतो, त्यावर चाचांचा डाग धरत नाही. कारखान्यात सहाशे अंशांच्या आसपास भट्टीत तो जोडलेला असतो. टाक्या पुष्कळदा प्लास्टिकच्या, मध्ये रबरी गॅस्केट आणि भोवती पत्र्याचे दात मुडपलेले. ते दात एखाद-दुसऱ्या वेळी उघडून पुन्हा मुडपता येतात. पण टाकी आणि गॅस्केट सुटं मिळालं तर ना! दुकानात मागा, तुम्हाला पूर्ण रेडिएटरच दाखवतील.

म्हणजे भांडण धातूशी नाही. वस्तू उघडायची की नाही हे कोणी ठरवायचं, याचं भांडण आहे. आणि हे भांडण औशात सुरू झालेलं नाही. अमेरिकेत शेतकरी आपल्याच ट्रॅक्टरच्या सॉफ्टवेअरला हात लावायचा हक्क मागत वर्षानुवर्षं लढले, तेव्हा कुठे कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेती अवजारांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. समितीने जी चार क्षेत्रं निवडली त्यांत शेती अवजारं आहेत. त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टलही सुरू झालं. समिती झाली, पोर्टल झालं, कायद्याची वाट बघतोय.

मधल्या काळात काय झालं? सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी कमी झाला. ट्रॅक्टरवरचा १२ वरून ५ टक्के, ट्रॅक्टरच्या रेडिएटरवरचा १८ वरून ५ टक्के. चांगलंच झालं, शेतकऱ्याचे पैसे वाचले. पण यात दिशा कोणती ते बघा. नवीन रेडिएटर घेणाऱ्याला सवलत पोचली. जुना दुरुस्त करणाऱ्या चाचांपर्यंत काय पोचलं? त्यांचं दुकान कोणत्याच यादीत नाही. ते ना कारखानदार, ना शेतकरी, ना व्यापारी. त्यांच्या कामाला सरकारी कागदावर नावच नाही, मग सवलत कशावर देणार?

आणि शिसं

आता त्या तीनशे रुपयांबद्दल.

चाचा तेजाबात जुन्या सेलच्या जस्ताचे तुकडे टाकून डागासाठीचं पाणी स्वतः तयार करतात. डाग मारताना पांढरा धूर त्यांच्या तोंडावर येतो. जुना डाग ब्रशने घासताना राखाडी पूड उडते. त्या पुडीत शिसं असतं. त्याच जागेवर बसून ते चहा पितात, हात फडक्याला पुसून भाकरी खातात. दुकानाला खिडकी नाही, पंखा आहे तो धूर इकडून तिकडे फिरवतो. रेडिएटर दुरुस्त करणाऱ्यांच्या रक्तात शिसं वाढलेलं सापडतं, ही गोष्ट वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत आहे. शिसं हाडांत साठतं, नसांवर, मूत्रपिंडावर परिणाम करतं. पत्र्याच्या दुकानात ही माहिती पोचवणं हे कोणाचंच काम नाही.

मी चाचांना विचारलं, रक्त तपासलंय का कधी. ते हसले. "तपासून काय करू, सर? काम सोडू?" मुलाला शिकवलं का, असंही विचारलं. "नाही शिकवलं. तो मोबाइलच्या दुकानात आहे. चांगलं आहे."

दुरुस्तीची बाजू घेणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला या वाक्याला उत्तर द्यावं लागेल. 'कला लोप पावत आहे' असा गळा काढणं सोपं आहे. कल्हईवाल्यांबद्दल आपण तो काढलाच. पण जे काम करणारा स्वतःच्या मुलाला त्यापासून लांब ठेवतो, ते काम टिकावं असं म्हणताना मी नेमकं काय मागतोय? दुसऱ्याच्या मुलाने माझ्यासाठी धुरात बसावं, आणि तेही स्वस्तात?

कारण मी घासाघीस केली होती. साडेसोळा हजारांचा खर्च ज्या माणसाने अठराशेत वाचवला, त्याचे तीनशे मी कापले. एजन्सीत मी साडेअकराचे अकरा करा असंही म्हणालो नव्हतो. तिथे छापील बिल होतं, काचेचा दरवाजा होता. इथे पत्रा होता. दुरुस्ती मरतेय ती फक्त कंपन्यांमुळे नाही. नवीन वस्तूची किंमत आपण मान खाली घालून देतो आणि दुरुस्त करणाऱ्याशी मात्र भाजीसारखा भाव करतो, त्यानेही ती मरते.

म्हणून माझी मागणी 'जुन्या कलेचं जतन' वगैरे नाही. मागण्या साध्या आहेत. अशा दुकानांना धूर बाहेर ओढणारा पंखा बसवायला मदत मिळावी. या कामगारांच्या रक्तातलं शिसं सरकारी दवाखान्यात मोफत तपासलं जावं. आयटीआयमध्ये ट्रॅक्टर मेकॅनिक शिकणाऱ्या पोरांनी चाचांसारख्यांकडे महिनाभर बसावं, आणि त्याचे पैसे चाचांना मिळावेत. ट्रॅक्टर विकणाऱ्या प्रत्येकाला टाकी, गॅस्केट, जाळी सुटी विकायची सक्ती व्हावी. यातल्या एकाही गोष्टीला परदेशी तंत्रज्ञान लागत नाही.

आणि आपल्यापुरतं? पुढच्या वेळी कोणी रेडिएटर गळतोय म्हणालं तर आधी पुसून कोरडा करा, इंजिन चालू करून लांबून बघा, कुठून पहिला थेंब येतो. गरम असताना झाकण उघडू नका, माझ्या उजव्या हातावर त्याचा डाग आहे. पंखांत भुसा अडकला असेल तर मागून पुढे हवा मारा. मळणीच्या दिवसांत निम्मे ट्रॅक्टर भुशानेच तापतात. बुडाचे बोल्ट हाताने हलवून बघा. आणि त्याला निदान आरओचं पाणी आणि कूलंट पाजा.

रविवारी आणि सोमवारी आमची मळणी झाली. मंगळवारी रात्री पाऊस आला. तोवर पोती आत होती. काटा मधोमध राहिला होता. अण्णांनी दोनदा उतरून रेडिएटरखाली हात फिरवून बघितला, कोरडा होता.

पुण्याला परतताना मी लातुरात उतरलो आणि चाचांना तीनशे रुपये द्यायला गेलो. त्यांनी आधी घेतले नाहीत. "झाला ना हिशेब," म्हणाले. मी टेबलावर ठेवले. किती वर्षं चालेल, असं विचारलं.

"पाणी कसलं घालता, त्यावर आहे," ते म्हणाले. "परत गळाला तर घेऊन या. मी असलो तर करतो."